सायकल-अपघातांची तीव्रता : नोंदीचा पुरावा आणि कारणमीमांसा

सायकलस्वाराला झालेला अपघात कोणत्या कारणांनी किरकोळ राहतो आणि कोणत्या कारणांनी प्राणघातक ठरतो, हा प्रश्न अपघात किती होतात या प्रश्नाहून भिन्न आहे. गर्दीच्या चौकात टकरी पुष्कळ होतात, परंतु वाहनांचा वेग मंद असल्यामुळे त्या बहुधा खरचटण्यावर निभावतात. मोकळ्या हमरस्त्यावर टकरी विरळा, पण झालेली टक्कर जिवावर बेतते. एकच घटक अपघातांची संख्या वाढवून त्यांची तीव्रता घटवू शकतो, आणि उलटही घडू शकते. हा भेद ध्यानात घेऊन गेल्या काही दशकांत तीव्रतेची स्वतंत्र मीमांसा सुरू झाली व तिला एक ठराविक वळण लागून गेले. पोलिसांच्या दप्तरातील नोंदी घ्यावयाच्या, इजेच्या प्रतीनुसार त्यांचे वर्ग पाडावयाचे, आणि सांख्यिकीय प्रतिमानाच्या साहाय्याने प्रत्येक घटकाचा वाटा ठरवावयाचा, असे हे वळण आहे. ते सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांना ‘कारण’ ही संज्ञा कितपत शोभते, याची चिकित्सा ही पद्धत उचलणारा अभ्यासक क्वचितच करतो. पोलिसी नोंद ही अपघाताची प्रतिमा नसून अपघातानंतर जे उरले, ज्यांनी सांगितले आणि ज्यांनी लिहून घेतले त्यांची प्रतिमा असते. आणि प्रतिमान जे मोजते त्यात या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

या पद्धतीचा एक चांगला नमुना म्हणून किम, किम, उल्फार्सन व पोर्रेलो या चौघांनी २००७ साली ‘अॅक्सिडेंट अॅनालिसिस अँड प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध विचारात घेता येईल. चिकित्सा करावयाची तर दुबळ्या कृतीची करण्यात हशील नसते. हा निबंध या विषयातील वारंवार उद्धृत होणाऱ्या लेखनापैकी आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९७ ते २००२ या काळात पोलिसांनी नोंदविलेल्या, सायकल व मोटारवाहन यांच्यामधील टकरींची सामग्री त्यात वापरली आहे. इजेचे चार वर्ग केले आहेत : मृत्यू, हालचाल अशक्य करणारी इजा, तशी न करणारी इजा, आणि संभाव्य अथवा शून्य इजा. बहुपदी लॉजिट प्रतिमान लावून निबंधकारांनी मृत्यूची संभाव्यता दुपटीहून अधिक वाढविणारे घटक दाखविले आहेत. खराब हवामान, पथदिव्यांविना अंधार, सकाळी सहा ते दहाची वेळ, समोरासमोरची धडक, ताशी सुमारे ४८ किलोमीटरांहून अधिक वेग, मालमोटारीचा संबंध, मद्यप्राशन केलेला चालक वा सायकलस्वार, आणि सायकलस्वाराचे वय ५५ वा अधिक असणे, हे त्यांतील प्रमुख होत. वाहनाचा धडकेपूर्वीचा अंदाजित वेग ताशी ८० किलोमीटरांच्या वर असेल तर मृत्यूची संभाव्यता सोळा पटींहून अधिक वाढते, आणि ताशी ३२ किलोमीटरांच्या सुमारास एक उंबरठा आढळतो, असेही त्यांचे म्हणणे आहे. शेवटी एक निष्कर्ष असा की, सायकलस्वाराची चूक असलेल्या अपघातांचा गंभीर इजेशी असलेला संबंध मोटारचालकाची चूक असलेल्या अपघातांपेक्षा अधिक निकटचा आहे.

निबंधाची मांडणी प्रामाणिक आहे आणि वेगाविषयीचा त्याचा निष्कर्ष निवासी भागातील ताशी ३० किलोमीटरांच्या मर्यादेला पुष्टी देणारा असल्यामुळे उपकारकही आहे. तथापि या यादीतील सर्व घटक एकाच जातीचे नाहीत. काहींच्या मागे शरीराला भिडणारी प्रत्यक्ष शक्ती आहे. काही दुसऱ्याच कशाचे तरी प्रतिनिधी आहेत. आणि काहींचे बळ, निदान अंशतः, दप्तराने निर्माण केलेले आहे. प्रतिमान या तिघांना एकाच पंक्तीत बसविते.

प्रथम दप्तराचा विचार करू. लँग्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली न्यूझीलंडमधील रुग्णालयांच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या. सार्वजनिक रस्त्यावर अपघात होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांपैकी अवघ्या शेकडा २२ जणांची नोंद पोलिसांकडे सापडली. मोटारवाहनाशी टक्कर झालेल्यांतही हे प्रमाण शेकडा ५४ च होते. हे सर्व लोक रुग्णालयात दाखल करण्याइतके जखमी होते, हे विसरता कामा नये. जे धूळ झटकून घरी गेले त्यांची तर कोठेच गणना नाही. याउलट मृत्यूची नोंद टळणे दुर्मिळ. दप्तरात शिरण्याचा दरवाजा तीव्रतेच्या मानाने रुंद होत जातो.

यावर प्रतिमानाचा एक बचाव पुढे केला जातो, आणि तो सांख्यिकीय दृष्ट्या खोटा नाही. नोंद होण्याची शक्यता केवळ इजेच्या वर्गावर अवलंबून असेल, तर बहुपदी लॉजिट प्रतिमानात फक्त स्थिरपदे दूषित होतात. घटकांचे गुणांक शाबूत राहतात. परंतु यातील ‘केवळ’ हा शब्द सर्व भार वाहतो. किरकोळ इजेची नोंद होणे हे स्थळावर, वेळेवर, साक्षीदारांवर, सायकलस्वाराच्या वयावर आणि समोरच्या वाहनाच्या विम्यावरही अवलंबून असू शकते, आणि हेच घटक प्रतिमानात कारणे म्हणून बसविलेले असतात. उदाहरणादाखल कल्पिलेले आकडे घेऊ. उजेडात २०० किरकोळ अपघात व ४ मृत्यू झाले, आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर अंधारातही तितकेच झाले. खरे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा २ हूनही किंचित् कमी. आता उजेडातल्या किरकोळ अपघातांपैकी ८० नोंदले गेले आणि अंधारातल्यांपैकी, कोणी पाहणारे नसल्यामुळे, ४० च नोंदले गेले. मृत्यू मात्र सर्व नोंदले गेले. दप्तरात उजेडातील मृत्यूंचे प्रमाण ८४ पैकी ४, म्हणजे शेकडा ५ च्या आत दिसेल. अंधारातील ४४ पैकी ४, म्हणजे शेकडा ९ दिसेल. अंधाराने मृत्यूची शक्यता जवळजवळ दुप्पट केली असा निष्कर्ष प्रतिमान देईल, आणि रस्त्यावर मात्र तसे काहीच घडलेले नसेल. नॉर्थ कॅरोलायनात नेमके हेच झाले असे येथे सुचवावयाचे नाही. पोलिसी सामग्रीवरून ‘दुप्पट’ हा शब्द उच्चारताना या शक्यतेचे निरसन कसे केले, हे सांगण्याची जबाबदारी निबंधकारावर येते, इतकेच म्हणावयाचे आहे.

अंधार या घटकाविषयी आणखी एक शंका उपस्थित होते. दिवे नसलेले रस्ते बहुधा वस्तीबाहेरचे असतात. तेथे वाहने वेगाने जातात आणि रुग्णवाहिका उशिरा येते. अमेरिकेतील विल्यम हॅडन यांनी इजेचा विचार अपघातापूर्वी, अपघातक्षणी व अपघातानंतर अशा तीन टप्प्यांत करावयास शिकविले. पोलिसी नोंदीत पहिल्या टप्प्याची माहिती भरपूर, दुसऱ्याची त्रोटक, आणि तिसऱ्याची जवळजवळ नसतेच. जखमी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती वेळाने पोहोचला, हे ज्या सामग्रीत नाही तिच्यात त्या विलंबाचे पाप अंधाराच्या, हवामानाच्या किंवा सकाळच्या वेळेच्या माथी बसणे स्वाभाविक आहे. सकाळी सहा ते दहा ही वेळ स्वतः कोणालाही इजा करीत नाही.

वेगाची गोष्ट निराळी. येथे शरीराला भिडणारी शक्तीच मोजली जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीत ताशी ३० च्या मोटारीपेक्षा सुमारे पावणेतीनपट ऊर्जा असते. म्हणून वेग हे खरे कारण आहे, यात वाद नाही. वाद आहे तो सोळा पटींच्या आकड्याविषयी. प्रतिमानातील वेग हा ‘अंदाजित’ वेग आहे. तो अंदाज अपघात झाल्यावर, चाकांच्या घसाऱ्याच्या खुणा, वाहनाचा झालेला चेंदामेंदा, साक्षीदारांचे सांगणे आणि सायकलस्वार किती अंतरावर फेकला गेला यांवरून पोलिस अधिकारी करतो. आणि तो करीत असताना सायकलस्वार मेला की वाचला, हे त्याला ठाऊक असते. प्रेत समोर असताना वेगाचा अंदाज चढता होणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. असे झाले की कार्यच कारणाच्या मोजमापात शिरते, आणि दोहोंतील संबंध वाजवीपेक्षा घट्ट भासू लागतो.

ही शंका केवळ तार्किक नाही. पादचाऱ्यांविषयीच्या संशोधनात तिच्याशी नाते सांगणारा दोष प्रत्यक्ष उघडकीस आलेला आहे. वेग आणि मृत्यू यांच्या संबंधाचे जुने आलेख गंभीर जखमींचा भरणा अधिक असलेल्या नमुन्यांवरून काढलेले होते, त्यामुळे दिलेल्या वेगाला मृत्यूची शक्यता त्यांत फुगलेली होती. रोसेन व सँडर यांनी २००९ साली जर्मनीतील सखोल अपघात-अन्वेषणाच्या सामग्रीला योग्य भारांक देऊन ती शक्यता बरीच खाली आणली. तरीही त्यांच्या हिशेबात ताशी ५० च्या धडकेतील मृत्यूची शक्यता ४० च्या दुपटीहून अधिक आणि ३० च्या पाचपटीहून अधिकच भरली. आकडा उतरला, चढण कायम राहिली. वेगाचा निष्कर्ष टिकतो तो प्रतिमानामुळे नव्हे, तर पदार्थविज्ञान, अपघातस्थळाची पुनर्रचना आणि भारांकित नमुने ही तीन स्वतंत्र साधने एकाच दिशेला बोट दाखवितात म्हणून. यादीतील इतर घटकांना असा आधार कितपत मिळतो, हीच त्यांची कसोटी.

मालमोटारीचा घटक या कसोटीला उतरतो. पण तो उतरताना प्रतिमानाची दुसरी उणीव दाखवून देतो. मालमोटारीच्या धडकेत मृत्यू अधिक होतात हे खरे, परंतु ते दोन अगदी भिन्न रीतींनी होतात. हमरस्त्यावर मागून आलेली भरधाव मालमोटार वेगाने मारते. शहराच्या चौकात वळणारी मालमोटार चालण्याच्या गतीनेही मारते. तिच्या आतल्या बाजूला, चालकाच्या दृष्टीआड उभा असलेला सायकलस्वार पुढच्या व मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत ओढला जातो आणि चाकाखाली येतो. येथे वेगाचे गणित लागूच पडत नाही. वेग व वाहनप्रकार या दोघांचे स्वतंत्र परिणाम मिळवून बेरीज करणारे प्रतिमान या मृत्यूंना ‘कमी वेग, तरीही मृत्यू’ अशा अपवादांत जमा करील. वस्तुतः हा अपवाद नसून निराळी यंत्रणा आहे, आणि तिच्यावरचा उपायही निराळा आहे. युरोपीय समुदायाने १९८९ साली मालमोटारींच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कठडे बसविण्यासंबंधी निर्देश काढला. लंडनमध्ये १२ टनांवरील मालमोटारींना चालकाच्या थेट दृष्टीची प्रतवारी लावण्यात आली. १ मार्च २०२१ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली व ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान प्रत वाढविण्यात आली. हे उपाय चाकांमधली जागा आणि चालकाची खिडकी पाहून सुचले. गुणांकांच्या कोष्टकातून ते सुचण्याजोगे नव्हते.

आता सर्वांत नाजूक निष्कर्षाकडे, म्हणजे सायकलस्वाराच्या चुकीकडे, वळणे प्राप्त आहे. सायकलस्वाराची चूक असली की इजा अधिक गंभीर, या वाक्याचा सरळ अर्थ लावावयाचा तर तो असा होईल की, जो अचानक रस्त्यात येतो तो चालकाला ब्रेक लावण्यास अवधी देत नाही, म्हणून धडक पूर्ण वेगाने बसते. हा अर्थ संभाव्य आहे. पण याच अर्थाचा थोडा पाठपुरावा केला तर तो दुसरीकडे नेतो. चालकाला प्रतिक्रियेस एक सेकंद लागतो व कोरड्या रस्त्यावर वाहनाची गती दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने घटते असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३.३ मीटरांत थांबेल. ताशी ५० ची मोटार तेवढ्या सेकंदात १३.९ मीटर पुढे गेलेली असेल. म्हणजे पहिली जेथे थांबली तेथे दुसरीच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसेल. साडेतेरा मीटरांवर गल्लीतून एक सायकल अचानक बाहेर आली. पहिल्या प्रसंगी काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. दुसऱ्या प्रसंगी सायकलस्वार ताशी ५० च्या धडकेत सापडतो, आणि पंचनाम्यात लिहिले जाते : चूक सायकलस्वाराची. चूक दोन्ही वेळी तीच होती. फरक मोटारीच्या वेगाचा होता. सामग्रीत चुकीचे सौम्य परिणाम येतच नाहीत, भयंकर तेवढे येतात, आणि मग चूक व भयंकरता यांचा निकट संबंध सिद्ध होतो.

दुसरी बाब साक्षीची. टकरीत दोन पक्ष असतात आणि इजा जितकी गंभीर तितका त्यांतला एकच बोलू शकतो. मोटारचालक जबानी देतो. मृत सायकलस्वार देत नाही. म्हणून मृत्यूच्या वर्गात सायकलस्वाराच्या चुकीचे प्रमाण वाढलेले दिसणे, चूक कोणाचीही असली तरी, अपेक्षितच मानले पाहिजे. याची परीक्षा करणे अशक्य नाही. जे सायकलस्वार वाचले, परंतु बेशुद्धीमुळे जबानी देऊ शकले नाहीत, त्यांचा वर्ग निराळा काढावा. या वर्गात सायकलस्वाराच्या माथी मारलेल्या चुकीचे प्रमाण मृतांइतकेच भरले, आणि तितक्याच गंभीर परंतु शुद्धीवर असलेल्या जखमींत ते कमी भरले, तर निष्कर्षाचे मूळ रस्त्यावर नसून जबानीत आहे असे ठरेल. ज्या अपघातांचे चित्रण कॅमेऱ्याने केलेले आहे त्यांच्याशी तुलना केली तर अधिकच उत्तम. अशी परीक्षा झाल्यावाचून हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात जाऊ देणे उचित नव्हे. त्याचे परिणाम केवळ विद्याक्षेत्रापुरते राहत नाहीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सहभागी निष्काळजीपणा ठरला की मृताच्या वारसांची भरपाई त्या मानाने कापली जाते. ज्याच्यापाशी सायकलच काय ती होती, त्याच्या घरच्यांना त्या कपातीचा अर्थ फार लवकर कळतो.

शिरस्त्राणाच्या, म्हणजे हेल्मेटच्या, वादाला येथे थोडक्यातच स्पर्श करणे पुरे. थॉम्प्सन, रिव्हारा व थॉम्प्सन यांचा १९८९ चा सिअॅटल येथील अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे, कारण त्याने पोलिसी दप्तर टाळून रुग्णालयाची वाट धरली. डोक्याला इजा झालेल्या २३५ सायकलस्वारांपैकी शेकडा ७ जणांनी शिरस्त्राण घातले होते. त्याच रुग्णालयांत अन्य इजांसाठी आलेल्या ४३३ जणांत हे प्रमाण शेकडा २४ होते. त्यावरून डोक्याच्या इजेचा धोका शेकडा ८५ ने घटतो असे अनुमान निघाले व ते घोषवाक्य झाले. ऑलिव्हियर व क्रेटन यांनी पुढे ४० अभ्यास एकत्र केले तेव्हा डोक्याच्या इजेसाठी शेकडा ५१ आणि डोक्याच्या गंभीर इजेसाठी शेकडा ६९ अशी घट मिळाली. एल्विक यांनी २०११ च्या आपल्या पुनर्विश्लेषणात अनुकूल निष्कर्षच अधिक छापले जाण्याच्या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. शिरस्त्राण उपयोगी आहे, हे या सर्वांतून शिल्लक राहतेच. परंतु युरोपीय मानकानुसार त्याची सपाट पृष्ठावरील कसोटी सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर, वेगाच्या आघाताने होते. मालमोटारीचे चाक छातीवरून जाताना त्याचा उपयोग शून्य. पडण्यापासून राखणारे साधन धडकेवरचा उपाय म्हणून सुचविणे हा मीमांसेतील गोंधळच होय.

भारतीय सामग्रीवर काम करू पाहणाऱ्याला यांत एका अडचणीची भर पडते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल पोलिसांच्या नोंदींवर आधारलेले असून त्यांतील जबर व किरकोळ इजेचा भेद वैद्यकीय नसून कायद्याचा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० प्रमाणे जी दुखापत वीस दिवस तीव्र वेदना देते किंवा नेहमीचे व्यवसाय करण्यास असमर्थ करते ती जबर दुखापतीत मोडे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये हीच मुदत पंधरा दिवसांची आहे. सतरा दिवस कामावर जाऊ न शकलेला सायकलस्वार जून २०२४ मध्ये केवळ या निकषावर जबर जखमी ठरला नसता. जुलैत तो ठरतो. पोलिसांनी व्याख्या जितक्या काटेकोरपणे पाळली असेल तितक्या प्रमाणात त्या तारखेनंतर अपघातांची तीव्रता कागदावर वाढलेली दिसेल. २०२३ व २०२५ यांची तुलना करून नव्या रस्त्यांना अथवा नव्या दंडांना त्या वाढीचे श्रेय वा अपश्रेय देण्यापूर्वी हा हिशेब चुकता केला पाहिजे.

ही सामग्री सुधारण्याचा मार्ग मात्र बंद नाही. अपघातग्रस्त रुग्ण आला की रुग्णालय वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून त्याची नोंद करते व पोलीस ठाण्याला कळविते. त्या कागदावर दाखल होण्याची वेळ आणि जखमांचे वर्णन असते. आय.आय.टी. मद्रास येथे विकसित झालेल्या एकात्मिक रस्ते-अपघात सामग्रीसंचयाच्या योजनेत पोलिसांबरोबर परिवहन, रस्ते व आरोग्य या विभागांनाही नोंदीचे काम दिलेले आहे. एखाद्या जिल्ह्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाचे एका वर्षाचे रजिस्टर आणि त्याच हद्दीतील पोलिसी नोंदी नावे वगळून परस्परांशी जुळविल्या, तर कोणता सायकलस्वार दप्तरात शिरला व कोणता बाहेर राहिला, हे वय, वेळ व वाहन यांच्या क्रमाने दाखविता येईल. त्या कोष्टकाविना गुणांकांचे कोष्टक छापण्याची घाई करू नये.